साध्या सदऱ्यातले गाणे : ‘टॉकिंग हेड्स : ७७’

१६ सप्टेंबर १९७७ रोजी न्यूयॉर्कच्या सायर रेकॉर्ड्स या कंपनीने एक ध्वनिमुद्रिका बाजारात आणली. वेष्टनाच्या दर्शनी बाजूस गायकाचे छायाचित्र नाही, वाद्ये नाहीत, चित्रही नाही. सगळा पृष्ठभाग भडक तांबडा आणि त्यावर हिरव्या अक्षरांत बँडचे नाव व सालाचा आकडा. व्यापाऱ्याने तांबड्या चोपडीवर साल घालून ठेवावे, तसे. हे वेष्टन ज्याने योजले तो डेव्हिड बर्न त्या बँडचा गायक होता आणि काही काळ कलाशाळेचा विद्यार्थीही होता. दुकानात त्या दिवसांत झगमगीत पोशाखातल्या, केस मोकळे सोडलेल्या गायकांची वेष्टने ओळीने लावलेली असत. त्यांच्यात हे वेष्टन उठून दिसले ते त्यावर काही नव्हते म्हणून.

आपल्याला १९७७ म्हटले की आणीबाणी उठल्याचे आणि मार्चमधल्या निवडणुकीचे स्मरण होते. न्यूयॉर्कच्या लोकांना त्या सालाने निराळे काही दिले, त्याकडे पुढे येऊ. आधी या बँडविषयी माझे म्हणणे मांडतो. रॉक संगीताचा इतिहास लिहिणारे ‘टॉकिंग हेड्स’ची थोरवी सांगताना बहुधा १९७८ नंतरच्या तीन ध्वनिमुद्रिकांपाशी थांबतात. त्या ब्रायन ईनो या इंग्रज निर्मात्याबरोबर केल्या होत्या आणि त्यांत आफ्रिकी लयींचा मोठा वाटा होता. पहिली ध्वनिमुद्रिका मग पायरी ठरते, चढून गेल्यावर जिच्याकडे कोणी वळून पाहत नाही. हा न्याय मला पटत नाही. या अकरा गाण्यांनी एक काम केले जे पुढच्या, अधिक भरजरी कामात पुन्हा तितके उघड झाले नाही. रॉक संगीतात तोवर ज्याला जागा नव्हती असा माणूस तिने गाण्याच्या मध्यभागी उभा केला. भाड्याच्या घरात राहणारा, कामावर जाणारा, निर्णय घेताना अडखळणारा आणि सगळे ठीक चालले आहे असे स्वतःला बजावणारा माणूस.

बँडची सुरुवात प्रॉव्हिडन्स या लहान शहरात झाली. तिथली रोड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन ही १८७७ साली स्थापन झालेली कलाशाळा, मुंबईची जे. जे. किंवा बडोद्याची कलाशाखा डोळ्यांसमोर आणली म्हणजे तिथल्या वातावरणाची कल्पना येईल. ख्रिस फ्रँट्झ आणि टीना वेमथ तिथे चित्रकला शिकत होते. बर्नचा जन्म स्कॉटलंडमधल्या डंबार्टनचा, बालपण कॅनडात आणि अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये गेलेले. त्याने ही शाळा एका वर्षात सोडली. पण शाळा सुटली तरी मित्रमंडळ सुटले नाही. १९७३ मध्ये फ्रँट्झ आणि बर्न यांनी ‘आर्टिस्टिक्स’ नावाचा एक बँड काढला, तो वर्षभर चालून मोडला. मग तिघेही न्यूयॉर्कला गेले आणि क्रिस्टी स्ट्रीटवरच्या एका इमारतीत, कारखान्यासाठी बांधलेल्या गोदामवजा मजल्यावर एकत्र राहू लागले.

न्यूयॉर्क तेव्हा दिवाळे काढण्याच्या बेतात होते. १९७५ साली शहराच्या तिजोरीत देणी भागवण्याइतके पैसे उरले नव्हते. शिपायांपासून शिक्षकांपर्यंत अनेकांच्या नोकऱ्या गेल्या, रस्त्यांवर कचरा साठला. मॅनहॅटनच्या खालच्या भागातले छोटे कारखाने उठून गेल्याने मोठमोठे मजले रिकामे पडले होते आणि ते स्वस्त भाड्याने मिळत. चित्रकार, नर्तक, नट, वादक अशी मंडळी तिथे राहायला आली ती या भाड्यामुळे. शहराची दुरवस्था ही कलेला वरदान ठरली असे कोणी म्हटले, तर ते मी मान्य करणार नाही. ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांना विचारावे. पण भाडे परवडले नसते तर हा बँड झाला नसता, हेही तितकेच खरे.

त्यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर बाऊरी नावाच्या रस्त्यावर ‘सीबीजीबी’ हा मद्यालयवजा क्लब होता. हिली क्रिस्टल या गृहस्थाने तो १९७३च्या डिसेंबरात काढला. नावातली अक्षरे कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूज या अमेरिकी ग्रामीण व कृष्णवर्णीय संगीतप्रकारांची. प्रत्यक्षात तिथे यांतले फारसे काही वाजले नाही. बोगद्यासारखी लांबट, अरुंद खोली, ठेंगणा मंच, आणि ज्यांच्याविषयी सभ्य माणसाने न लिहिलेले बरे अशी शौचालये. क्रिस्टलचा एक नियम मात्र मोलाचा होता : बँडने स्वतः रचलेली गाणी वाजवावीत, दुसऱ्यांची गाजलेली नकोत. ५ जून १९७५ रोजी ‘रमोन्स’ या बँडच्या कार्यक्रमाआधी तिघे ‘टॉकिंग हेड्स’ म्हणून तिथे प्रथम उभे राहिले. हे नाव दूरचित्रवाणीच्या धंद्यातले. पडद्यावर खांद्यापासून वरचा माणूस नुसता बोलत असतो, त्या दृश्याला तिकडे ‘बोलकी डोकी’ म्हणतात. ते त्यांना एका दूरचित्रवाणी-साप्ताहिकात सापडले.

रमोन्स चामड्याची जाकिटे घालून दोन-दोन मिनिटांची गाणी घणाघाती वेगाने वाजवत. त्यांच्या आधी ही तीन मुले शाळेच्या स्नेहसंमेलनाला आल्यासारखी दिसत असणार. बर्नने २०१२ साली ‘हाउ म्युझिक वर्क्स’ या आपल्या पुस्तकात त्या काळाचा हिशेब मांडला आहे. आपण काय करायचे हे त्यांना ठाऊक नव्हते. काय करायचे नाही, एवढे पक्के ठाऊक होते. रॉकच्या ठरलेल्या हालचाली नकोत, भपका नको, रंगीत दिव्यांचा खेळ नको, लांबलचक गिटारवादन नको, केस वाढवणे नको, दोन गाण्यांमध्ये पाठ केलेली बडबड नको, आणि गोऱ्या माणसाने काळ्या गायकाचा आवाज काढणे तर नकोच. हे सारे गाळल्यावर उरले ते साधे सदरे, कापलेले केस आणि ताठ मानेने, डोळे विस्फारून गाणारा एक तरुण. त्याचा आवाज मध्येच फाटतो, वर चढताना चिरकतो. आपल्याकडे गळा तयार नसलेल्या माणसाला मंचावर बसू देत नाहीत. इथे त्या न तयार झालेल्या गळ्यातच त्या माणसाची घालमेल ऐकू येत होती.

हा कलाशाळेचा संस्कार मला महत्त्वाचा वाटतो. चित्रकला शिकणाऱ्याला पहिल्या वर्षीच कळते की कागदावरची रिकामी जागा हीसुद्धा रेखाटनाचाच भाग आहे. तिघांच्या वादनात ती रिकामी जागा होती. गिटार जाड सूर न धरता बारीक, कोरडी, खरवडल्यासारखी वाजे. तिच्या आणि ढोलांच्या मधून टीनाचा बेस स्पष्ट ऐकू येई. बर्नने त्याच पुस्तकात म्हटले आहे की सीबीजीबीची खोली घुमत नसे, त्यामुळे बारीकसारीक तपशील कानावर पडत. संगीत ज्या खोलीत वाजते त्या खोलीच्या मापाने बेतले जाते, हा त्याचा सिद्धांतच आहे, आणि देवळाच्या सभामंडपात भजन ऐकणाऱ्या माणसाला तो वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

टीना वेमथविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण इतिहास तिच्यावरून घाईने जातो. अमेरिकी नौदलातल्या अधिकाऱ्याची ही मुलगी, आई फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांताकडची. बँडला बेस वाजवणारा मिळेना, तेव्हा फ्रँट्झच्या आग्रहावरून ती ते वाद्य शिकली. शिकायला लागल्यापासून वर्षभराच्या आत ती सीबीजीबीच्या मंचावर होती. पुढे कंपनीशी करार झाल्यानंतरही बर्नने तिला पुन्हा परीक्षा द्यायला लावली, असे तिने अनेकदा सांगितले आहे. ध्वनिमुद्रिका ऐकली म्हणजे ही परीक्षा कोणत्या शंकेपोटी घेतली असेल ते कळत नाही. ‘सायको किलर’ची ओळख म्हणजे त्याच्या आरंभीचा बेस. तो सुरू झाला की गाण्याचे बोल ठाऊक नसलेलासुद्धा गाणे ओळखतो.

सायरचा मालक सीमोर स्टाइन याने त्यांना १९७५ सालीच ऐकले होते आणि तो लगेच करार करायला तयार होता. मुलांनी त्याला वर्षभर थांबवले, आपण अजून तयार नाही म्हणून. धंद्याच्या इतिहासात असे उदाहरण क्वचितच सापडते. १९७६च्या नोव्हेंबरात करार झाला. १९७७च्या आरंभी जेरी हॅरिसन हा चौथा गडी आला. तो हार्वर्डमध्ये स्थापत्य शिकत होता, आणि त्याआधी ‘मॉडर्न लव्हर्स’ या बँडमध्ये वाजवून, तो बँड मोडल्याने पोळून निघाला होता. त्याच्या की-बोर्ड आणि दुसऱ्या गिटारमुळे तिघांच्या उघड्या चौकटीला थोडी भिंत मिळाली. त्यानंतर वसंतात रमोन्सबरोबर युरोपचा दौरा झाला. इंग्लंडमधले स्टोनहेंज हे प्राचीन शिलावर्तुळ पाहायला सगळे उतरले, तेव्हा रमोन्सचा गिटारवादक जॉनी मात्र बसमध्येच बसून राहिला, अशी आठवण फ्रँट्झने लिहिली आहे. दोन बँडमधला फरक सांगायला मला याहून चांगला पुरावा सापडलेला नाही. याच दौऱ्यात, मे महिन्यात, लंडनला ईनोची भेट झाली. जूनमध्ये फ्रँट्झ आणि टीना यांचे लग्न झाले.

ध्वनिमुद्रण न्यूयॉर्कच्या सनड्रॅगन स्टुडिओत झाले. निर्माते टोनी बोन्जिओव्ही आणि लान्स क्विन, आणि त्यांच्या जोडीला बँड स्वतः. बोन्जिओव्ही हा हिशेबी, अनुभवी माणूस. ग्लोरिया गेनरच्या डिस्को गाण्यांचे काम त्याने केले होते, रमोन्सचेही केले होते. त्याचे आणि या चौघांचे जमले नाही. त्याच्या बाजूनेही पाहायला हवे. ज्याचा आवाज चिरकतो, जो गिटारवर एकही लांब तान घेत नाही, अशा गायकाची ध्वनिमुद्रिका विकायची कशी, हा प्रश्न त्याला पडला असल्यास नवल नाही. त्याने काही ठिकाणी रंग भरले : पहिल्या ‘अह-ओह, लव्ह कम्स टू टाउन’मध्ये वेस्ट इंडीजकडचे पोलादी ढोल वाजतात, ‘फर्स्ट वीक/लास्ट वीक... केअरफ्री’मध्ये सॅक्सोफोन आहे. ते वाईट लागत नाहीत. ‘सायको किलर’च्या वेळी मात्र त्याने स्वयंपाकघरातली सुरी आणून बर्नच्या हाती दिली, भूमिकेत शिरायला मदत व्हावी म्हणून, अशी हकीकत सांगितली जाते. सुरीचा काही उपयोग झाला नाही. त्या वर्षीचे त्याचे खरे यश दुसरीकडेच होते. ‘स्टार वॉर्स’ चित्रपटाच्या संगीताची मेको या नावाने निघालेली डिस्को आवृत्ती त्याच्याच सहनिर्मितीची. ऑक्टोबरात ती अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. ‘७७’ ही ध्वनिमुद्रिका बिलबोर्डच्या यादीत ९७ व्या क्रमांकापर्यंत पोहोचली.

आता गाण्यांकडे. सगळ्यांबद्दल सारखे बोलण्यात अर्थ नाही. ‘हू इज इट?’ हे दोन मिनिटांचे गाणे गमतीपुरते आहे, ‘हॅपी डे’ मला कधी फार लागले नाही. पहिल्या बाजूच्या शेवटचे ‘नो कम्पॅशन’ मात्र अस्वस्थ करते. त्यातला माणूस इतरांच्या अडचणी ऐकून ऐकून कंटाळला आहे आणि ते तो लपवत नाही. गाणे जड पावलांनी सुरू होते, मग एकाएकी धावते, पुन्हा थबकते. ज्यांचा व्यवसायच दुसऱ्यांच्या व्यथा ऐकण्याचा आहे त्यांनी हे गाणे एकदा एकांतात ऐकावे. ‘टेंटेटिव्ह डिसिजन्स’चे नावच तळ्यातमळ्यात करणारे, आणि त्यात ढोल मात्र कवायतीच्या थाटाचा, निर्णय होत नाही आणि पावले टाकणे चालू. ‘द बुक आय रेड’ हे प्रेमगीत एका पुस्तकामुळे सुचलेले आहे. रॉकच्या प्रेमगीतात मोटार असते, रात्र असते. वाचन करणारा प्रेमिक फार विरळा.

दुसऱ्या बाजूवरच्या ‘डोन्ट वरी अबाउट द गव्हर्नमेंट’पाशी मात्र थांबायला हवे. एक माणूस आपल्या इमारतीचे वर्णन करतो. तिथल्या सोयी, जवळचा मोठा रस्ता, कामात गुंतलेले मित्र आणि कचेरीत झटणारे सरकारी नोकर. सगळ्यांचे कौतुक. चाल बालगीताइतकी निर्मळ. बहुतेक समीक्षकांनी हे गाणे उपरोधिक मानले : वॉटरगेटनंतरच्या अमेरिकेत सरकारचे असे गुणगान कोणी मनापासून कसे करील? आणीबाणीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या आपल्या देशात हे शीर्षक कोणी ऐकले असते तर त्यालाही ते टोचूनच लागले असते. तरीही मला हा अर्थ अपुरा वाटतो. टोमणा मारणारा गायक कुठे ना कुठे डोळा मिचकावतो; बर्न कुठेच मिचकावत नाही. माझी पस्तीसेक वर्षे रोग्यांच्या हकीकती ऐकण्यात गेली आहेत. सगळे उत्तम आहे, असे जो खूप तपशिलाने सांगतो तो खोटे बोलत नसतो, थट्टाही करत नसतो. घर नीट आहे, शेजारी चांगले आहेत, यावर त्याचा तोल टिकलेला असतो आणि तो त्याला घट्ट धरून असतो. ऐकणाऱ्याने हसायचे की गलबलायचे, हे बर्नने ठरवून दिले नाही. १९७७च्या न्यूयॉर्कमध्ये, जिथे १३ जुलैच्या रात्री साऱ्या शहराची वीज गेली आणि दुकाने लुटली गेली, तिथे आपल्या इमारतीवर आणि कारकुनांवर भरवसा ठेवणारा माणूस हसण्यावारी नेण्याजोगा होता काय?

‘सायको किलर’वर एक गैरसमज चिकटला आहे, तो तारखा पाहिल्या की गळून पडतो. १९७६च्या जुलैपासून वर्षभर न्यूयॉर्कमध्ये एका खुन्याने रात्री गोळ्या झाडून सहा जणांचे प्राण घेतले. वृत्तपत्रे त्याला ‘सन ऑफ सॅम’ म्हणत. १० ऑगस्ट १९७७ला तो पकडला गेला. पाच आठवड्यांनी ही ध्वनिमुद्रिका आली आणि डिसेंबरात हे गाणे स्वतंत्रपणे निघाले. लोकांनी दोन्हींची सांगड घातली. वस्तुतः गाणे आर्टिस्टिक्सच्या काळातले, प्रॉव्हिडन्समधले. बर्नला त्या वेळी एक खेळ सुचला होता : भयंकर वेश करून गाणारा ॲलिस कूपर जर रँडी न्यूमनसारखे हळवे, माणसाच्या मनात शिरून लिहिलेले गाणे म्हणू लागला, तर? मधले फ्रेंच भाषेतले कडवे टीनाच्या मदतीने झाले, काही ओळी फ्रँट्झच्या. म्हणूनच या एका गाण्याच्या श्रेयात बर्नबरोबर दोघांचीही नावे आहेत. बाकी दहा गाणी एकट्या बर्नच्या नावावर आहेत. यावरून पुढे बँडमध्ये जे मनोमालिन्य वाढले त्याची बीजे या श्रेयनामावलीत आहेत असे म्हणता येईल. बेस आणि ढोल यांनी गाण्याला आकार दिला, तर तो रचनेत धरायचा की नाही, हा वाद जुनाच. नाट्यसंगीतात साथ करणाऱ्यांचे नाव जाहिरातीत कुठे असे, ते आठवावे.

त्या गाण्यात खून नाही, प्रेत नाही. चिडलेला, झोप न लागणारा, लोकांच्या भाषेने वैतागलेला एक माणूस आहे. आजूबाजूच्या दहा गाण्यांतला घरंदाज, नीटनेटका गृहस्थ आणि हा, मला एकच वाटतात. याला फक्त रात्र झाली आहे. बिलबोर्डच्या यादीत ते ९२ व्या क्रमांकापर्यंत गेले आणि उतरले.

त्याच शरदात स्टाइनने ‘पंक’ हा शब्द टाळावा अशी मोहीमच चालवली. पंक म्हटले की रेडिओवाले घाबरत, तेव्हा ‘न्यू वेव्ह’, नवी लाट, हा फ्रेंच सिनेमाच्या संदर्भात आधीपासून चालत आलेला शब्द त्याने पुढे केला. म्हणजे ज्या नावाने आज या बँडची इतिहासात नोंद होते ते नाव बरेचसे विक्रेत्याच्या सोयीचे होते. पुढच्याच वर्षी ईनोबरोबरची दुसरी ध्वनिमुद्रिका आली. तिच्यातले ॲल ग्रीनचे गाणे यादीत बरेच वर चढले आणि पहिलीकडे पाहण्याची ती पायरीची दृष्टी तेव्हापासूनच सुरू झाली. १९९१ साली बँड अधिकृतपणे संपला.

५ जून २०२५ रोजी, सीबीजीबीतल्या पहिल्या कार्यक्रमाला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, ‘सायको किलर’ची पहिलीच अधिकृत चित्रफीत प्रसिद्ध झाली. दिग्दर्शक माइक मिल्स, अभिनेत्री सर्शा रोनन. तिच्यात खुनी नाही, रक्त नाही, सुरीही नाही, आणि ते नाही म्हणूनच ती आपल्याला आवडली असे बँडने कळवले. एक तरुण स्त्री सकाळी उठते, कामावर जाते, कचेरीत बसते, घरी येते, झोपते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मधूनच ती हसते, मधूनच कोसळते, आणि परत उठून कामावर जाते.